मेसेज किती गेले, घरं किती हलली?

मदतकार्यातल्या किंवा विकासाच्या कुठल्याही डिजिटल प्रकल्पाचा अहवाल उघडा, पहिल्या पानावर मोठे आकडे दिसतात: इतके डाउनलोड, इतके मेसेज, इतक्या नोंदण्या. हे आकडे खोटे नसतात, पण ते सगळे सर्व्हरकडचे असतात. आपण काय पाठवलं ते सर्व्हरला कळतं, पलीकडच्या माणसाचं पुढे काय झालं ते कळत नाही.

पुराच्या इशाऱ्याचं उदाहरण घेऊ. समजा, १०,००० नंबरांवर मेसेज गेले. ८,००० फोनवर पोचले, उरलेले फोन बंद किंवा रेंजबाहेर होते. ५,००० ठिकाणी ते वेळेत वाचले गेले. नेमकं काय करायचं हे ३,००० ठिकाणी समजलं आणि ९०० घरं उंचावर हलली. आता या ९०० पैकी किती घरं मेसेज आला नसता तरी निघालीच असती? शेजारी निघाले होते, भोंगा वाजला होता, पाणी डोळ्यांना दिसत होतं. तशी घरं ६०० असतील, तर प्रकल्पाचा परिणाम ३०० घरांचा. ही सगळी उतरंड अहवालात यायला हवी, कारण दुरुस्ती कुठे करायची ते तिच्यातूनच कळतं. मेसेज वाचूनही समजला नसेल तर मजकूर बदला. पोचलाच नसेल तर पैसा भोंग्यावर घाला.

शेवटची पायरी, म्हणजे ‘नाही तरी झालंच असतं’ ही, तुलना गटाशिवाय, म्हणजे ती सेवा न मिळालेल्या पण बाकी तशाच लोकांशिवाय, मोजता येत नाही. पेरूमध्ये शाळकरी मुलांना लॅपटॉप देण्याच्या कार्यक्रमाचा ३१९ ग्रामीण शाळांमधला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप पोचले होते, मुलं ते वापरतही होती. सर्वसाधारण आकलनाच्या कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. तुलनेला दुसऱ्या शाळा नसत्या, तर नुसत्या वापराच्या आकड्यांवर कार्यक्रम पूर्ण यशस्वी ठरला असता.

संकटात सापडलेल्यांची मदत रोखून तुलना गट तयार करणं मला मान्य नाही, आणि त्याची गरजही नसते. मदत सगळ्यांना द्यायची आणि पद्धतींची तुलना करायची. नायजरमध्ये २००९-१० च्या दुष्काळानंतर ९६ गावांत रोख मदत देताना हेच केलं गेलं. एका गटाला पैसे हातात मिळाले, दुसऱ्याला मोबाइल मनीतून, म्हणजे दिलेल्या फोनवरच्या खात्यात. तिसऱ्या गटाला पैसे हातातच, पण सोबत तसाच फोनही दिला. हा तिसरा गट मला फार मोलाचा वाटतो. तो नसता तर फरक नुसता फोन हाती आल्यामुळे पडला की पैसे फोनवर आल्यामुळे, हे वेगळं काढताच आलं नसतं. मोबाइल मनीच्या गटात पैसे आणायला जाण्याचा वेळ वाचला आणि कुटुंबांच्या जेवणात जास्त विविधता आली.

सगळीकडे एकाच महिन्यात पोचणं शक्य नसेल, तर आधी कुठे आणि नंतर कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नंतरची गावं तोवर तुलनेला मिळतात. चिठ्ठी मात्र गावाची काढा, माणसाची नको. मेसेज पुढे पाठवला जातो, फोन घरात फिरतो, आणि तुलना गटही नकळत लाभार्थी होऊन बसतो.

गावाची चिठ्ठी काढली की नमुन्याच्या, म्हणजे किती मुलाखती घ्यायच्या याच्या, हिशेबात हमखास चूक होते. एखादी सवय ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली हे ९५ टक्के विश्वासपातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता ५ टक्के) आणि ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायचं, तर प्रत्येक गटात सुमारे ३९० माणसं लागतात. पण एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. दर गावात २० मुलाखती आणि गावांतर्गत साम्य ०.०५ धरलं (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे सगळे तंतोतंत सारखे), तर ३९० ला १ + (१९ × ०.०५) = १.९५ ने गुणावं लागतं. म्हणजे दर गटात सुमारे ७६० मुलाखती, ३८ गावं. खर्च परवडत नसेल तर गावं कमी करण्याआधी दर गावातल्या मुलाखती कमी करा. १० घेतल्या तर गुणक १.४५ वर येतो.

मुलाखतीचा फॉर्म कोबो टूलबॉक्समध्ये करा किंवा ओडीकेमध्ये, फोनवर माहिती भरायची ही दोन्ही साधनं ऑफलाइन चालतात. बिघडतं ते फॉर्मच्या आत. ‘शून्य’, ‘माहीत नाही’ आणि ‘उत्तर दिलं नाही’ यांना तीन वेगळे कोड नसले, तर कोरा रकाना पुढे कुणीतरी शून्य धरतो आणि सरासरी कोसळते. फोन नंबर हीच ओळख मानू नका. सिम बदलतं, एका फोनवर पाच माणसं असतात, एका माणसाकडे दोन सिम असतात. घराला वेगळा क्रमांक द्या आणि तो कागदावर त्या घरीही ठेवा. दहापैकी एका मुलाखतीतले पाच-सहा प्रश्न दुसऱ्या माणसाने पुन्हा विचारावेत, तेही पहिल्या आठवड्यातच. महिनाभरानंतर सापडलेली चूक निस्तरता येत नाही.

बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीची मोजणी, हुकली तर नंतर ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारून ती भरून निघत नाही. आजच्या परिस्थितीचा रंग आठवणीला लागतो. गळतीकडेही लक्ष हवं. बेसलाइनला ६०० घरं आणि एंडलाइनला (शेवटच्या मोजणीला) ४५०, म्हणजे एक चतुर्थांश घरं गेली. ती सगळ्यात अडचणीतली होती का, हे बेसलाइनच्याच आकड्यांवरून तपासा आणि अहवालात लिहा.

फोनवरून केलेल्या सर्वेक्षणात ज्यांच्याकडे फोन नाही ते येतच नाहीत, आणि डिजिटल मदतीतून वगळले जाण्याचा धोका त्यांनाच सर्वाधिक असतो. बोटाचा ठसा न जुळल्याने परत गेलेली म्हातारी पुष्कळदा प्रणालीत दिसतच नाही, कारण नोंद पूर्ण झालेल्या व्यवहाराची ठेवली जाते. तिला मोजायचं तर वाटप केंद्राच्या दाराशी, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, वही घेऊन माणूस बसवावा लागतो. वहीत चार रकाने पुरतात: किती वाजता आली, कशासाठी, का परत पाठवली, पुन्हा कधी बोलावलं. नाव लिहायचं नाही. आठवड्याच्या शेवटी या वहीतली बेरीज डॅशबोर्डवरच्या यशस्वी व्यवहारांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लावा.