गोळी विरघळली हे ठरवायचं कसं?

शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी मी कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, त्या सोप्या वाटल्या म्हणूनच. गोळी आम्लात टाकायची, स्टॉपवॉच लावायचं, ती दिसेनाशी झाली की थांबवायचं. आराखडा बघून मॅडमनी एवढंच विचारलं, "दिसेनाशी झाली म्हणजे विरघळली का गं?"

पुढची सगळी आखणी या प्रश्नाभोवतीच फिरली. गोळी फुटणं वेगळं, विरघळणं वेगळं. गोळीत स्टार्चसारखे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात; ओल लागली की ते फुगतात आणि गोळी आतून फोडतात. गोळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून बघायची घरगुती चाचणी बरेच जण सांगतात, पण तिच्यातून फार तर गोळी फुटते की नाही एवढंच कळतं. शिवाय सेल्युलोज, टाल्क अशी भर आम्लात विरघळतच नाही. द्रावण नितळ व्हायची वाट बघत बसलं असतं, तर प्रयोग संपलाच नसता.

म्हणून डोळ्यांवर विसंबायचं सोडून आम्ल मोजायचं ठरवलं. गोळीतलं कॅल्शियम असतं कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. त्याच्या एका मोलला (मोल म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन मोल लागतात. किती आम्ल उरलं ते टायट्रेशनने, म्हणजे ते आम्ल संपेपर्यंत मोजूनमापून अल्कली घालून, काढलं की किती कार्बोनेट विरघळलं ते कळतं.

इथे कागदावरचं गणित फार उपयोगी पडलं. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या गोळीत कार्बोनेट असतं १२५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१२५ मोल. त्याला ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) आम्ल २५० मिलिलिटर लागतं. नेहमीच्या १०० मिलिलिटरच्या बीकरमध्ये आम्ल आधी संपलं असतं आणि निम्म्याहून जास्त गोळी तशीच राहिली असती. मी ५०० मिलिलिटर घेतलं. त्यामुळे सुरुवातीला १० मिलिलिटर नमुन्याला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (हीच ती अल्कली) १० मिलिलिटर लागणार आणि गोळी पूर्ण विरघळल्यावर ५. ब्युरेटवर, म्हणजे खुणांच्या मोजनळीवर, वाचायला एवढा फरक भरपूर झाला.

बदलायचं काय, यावर मात्र बरीच डोकेफोड झाली. मला आम्लाची तीव्रता बदलायची होती, कारण पोटातलं आम्ल कमी असेल तर काय होतं हा खरा मजेदार प्रश्न. पण तेवढ्याच आकारमानात ०.०१ मोलर आम्ल घेतलं, तर ते फक्त पंचमांश गोळीला पुरतं. तीव्रता आणि साठा दोन्ही एकदम बदलतात, मग परिणाम कशाचा म्हणायचा? गोळीचा तुकडा घ्यावा, तर वरचं आवरण फुटतं. शेवटी तापमान निवडलं आणि त्यात ३७ अंश सेल्सिअस ठेवलंच. औषधांच्या गोळ्या विरघळण्याच्या चाचण्याही त्याच तापमानाला करतात. ढवळायला चुंबकीय ढवळणी, वेग एकच. काचकांडीने ढवळायचं तर दर वेळी हात वेगळा पडतो.

नमुना सिरिंजला लावायच्या फिल्टरमधून लगेच गाळायचा, नाहीतर त्यातले बारीक कण फ्लास्कमध्येही आम्ल खात राहतात. दर्शक, म्हणजे आम्ल संपल्याचं रंग बदलून दाखवणारा पदार्थ, म्हणून मी मिथिल ऑरेंज घेतलं; फिनॉल्फ्थॅलिन हा दुसरा नेहमीचा दर्शक टाळला. द्रावणात कार्बन डायऑक्साइड उरलेला असतो आणि फिनॉल्फ्थॅलिनला तोही आम्ल म्हणून दिसतो.

प्रत्यक्षात गोळी तळाशी गेली आणि काही वेळ ढिम्म पडून राहिली. मग कडेला एक चीर पडली, तिच्यातून बुडबुड्यांची माळ निघाली आणि आवरणाचा पापुद्रा सुटून पाण्यात फिरू लागला. बुडबुड्यांना चिकटून कण वर यायचे, बुडबुडा फुटला की खाली. विरघळलेल्या कार्बोनेटचा आलेखही तसाच: आधी जवळजवळ आडवा, मग एकदम चढ. ३७ अंशांना तो आडवा भाग ठळकपणे आखूड झाला. खोलीच्या तापमानाला मुख्य अडथळा आवरणाचा होता, असं मी त्यावरून लिहिलं. नुसत्या स्टॉपवॉचने हे दोन टप्पे वेगळे दिसलेच नसते. वाचन स्थिर झाल्यावरही तळाशी पांढरा गाळ होताच.

आता कॅल्शियम सायट्रेटची गोळी तपासायची आहे. तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण सायट्रेट आम्लातला हायड्रोजन आयन घेतं खरं, पण पुढे टायट्रेशनमध्ये तो पुन्हा सोडतं आणि अंतिम बिंदू, म्हणजे रंग बदलायची नेमकी जागा, पुसट होतो. त्यामुळे तिथे आम्ल न मोजता ईडीटीए हे कॅल्शियमला पकडून ठेवणारं रसायन वापरून थेट कॅल्शियमच मोजणार आहे.