आईला घेऊन सेकंड ॲव्हेन्यूवरच्या कोशर डेअरीत

दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा आमच्याकडे जर्सी सिटीला आली, तेव्हा मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलात तिच्यासाठी 'व्हेजिटेबल सूप' मागवलं होतं. अर्धा वाडगा संपल्यावर वाढणाऱ्या मुलीच्या बोलण्यातून कळलं, की भाज्या शिजवल्या होत्या त्या कोंबडीच्या पाण्यात. आई काहीच बोलली नाही. चमचा बाजूला ठेवला, घरी येऊन आंघोळ केली आणि त्या रात्री जेवली नाही. पुढचे दोन महिने बाहेर पडताना तिच्या पर्समध्ये दशम्या आणि लिंबाच्या लोणच्याची डबी असायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं. एवढ्या लांब लेकीकडे आलेली माझी आई या शहरात कुठेही निर्धास्तपणे घास घेऊ शकत नव्हती.

यंदा जूनमध्ये ती परत आली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं. जिथे 'यात मांसाचं पाणी आहे का?' हे विचारायची वेळच येणार नाही, अशा ठिकाणी तिला न्यायचं. न्यूयॉर्कमध्ये अशी जागा म्हणजे कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम पाळणारं, डेअरी रेस्टॉरंट. आम्ही ईस्ट व्हिलेजमधल्या 'बी अँड एच डेअरी'त गेलो. पत्ता १२७, सेकंड ॲव्हेन्यू. हे १९३८पासून चालू आहे.

डेअरी म्हटलं की आपल्याला चक्का, खवा आणि पिशवीतलं दूध आठवतं. इथे अर्थ वेगळा. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस' ही आज्ञा ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात तीन वेळा येते. त्यावरून त्यांच्याकडे दूध आणि मांस एका ताटात येत नाही, एका भांड्यात शिजत नाही, आणि मांस खाल्ल्यावर दुधाचं काही खायच्या आधी कित्येक घरांत सहा तास थांबतात. कोंबडी दूध देत नसली तरी तिलाही मांसाचाच नियम. त्यामुळे कोशर हॉटेल एक तर मांसाचं असतं, नाही तर दुधाचं. दुधाच्या हॉटेलात मांसाची कढई, चमचा, सुरी काहीच आत येत नाही. चरबी नाही, हाडांचं पाणी नाही, कोळंबी-खेकडे तर कोशरमध्ये मुळातच बसत नाहीत.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मासे आणि अंडी या दोन्ही गोष्टी या नियमात 'पार्वे' धरतात, म्हणजे ना दुधाच्या ना मांसाच्या. म्हणून डेअरी रेस्टॉरंटमध्ये मासा असतो आणि अंडं तर भरपूर असतं. 'डेअरी म्हणजे आपलं शाकाहारी' असं समजून गेलात तर फसाल. मांसाची धास्ती संपते, अंड्याची चौकशी उरते.

जर्सी सिटीहून जायचं तर पाथची, म्हणजे न्यू जर्सी-मॅनहॅटन रेल्वेची, थर्टी-थर्ड स्ट्रीटची गाडी धरून नाइन्थ स्ट्रीटला उतरायचं. तिथून पूर्वेला पाऊण मैलापेक्षा जास्त नाही, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर आधीच सांगते, त्या स्टेशनला लिफ्ट नाही. जिने आणि लांबलचक बोगदा चढून वर यावं लागतं. आईचे गुडघे बघून आम्ही दोनदा टेकलो. वर आल्यावर एट्थ स्ट्रीटवरून पूर्वेकडे जाणारी एम-८ बस घेतली, ती फार सोयीची. चालणाऱ्यांनी ॲस्टर प्लेसचा काळा घन बघत सेंट मार्क्स प्लेसवरून सरळ यावं, सेकंड ॲव्हेन्यू लागला की उजवीकडे वळावं, दुकान त्याच फुटपाथवर आहे. सबवेने येणाऱ्यांना ६ नंबरच्या गाडीचं ॲस्टर प्लेस जवळचं. फोनवर शोधताना नाव पूर्ण टाका, 'डेअरी'सकट. नुसतं 'बी अँड एच' टाकलं तर नाइन्थ ॲव्हेन्यूवरचं प्रसिद्ध कॅमेऱ्याचं दुकान समोर येतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही आणि ते शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे.

जागा किती अरुंद असावी? आपल्याकडच्या जुन्या इराण्याच्या दुकानाचा एक पट्टा उभा कापून काढला तर होईल तेवढी. डाव्या हाताला लांब काउंटर आणि गोल स्टुलं, दुसऱ्या भिंतीला चिकटून थोडी छोटी टेबलं, मधून एक माणूस जेमतेम जाईल. आम्ही तिघं होतो, मी, आई आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. तीन म्हणजे या जागेला अगदी बरोबर. चारच्या वर माणसं असतील तर दोन गटांत बसायची तयारी ठेवा आणि स्ट्रोलर घरीच राहू द्या. आम्ही मुद्दाम दुपारी तीनला गेलो, म्हणून आईला पाठ टेकायला टेबल मिळालं. मुलगा मात्र स्टुलावरून हलेना, कारण तिथून सगळा स्वयंपाक दिसतो.

काउंटरमागच्या माणसाच्या टीशर्टवर 'हाला! पोर फावोर!' असं लिहिलेलं होतं. हाला म्हणजे ज्यूंचा अंड्याचा मऊ, पिवळसर पाव, त्यातला 'ह' घशातून काढायचा, आणि पोर फावोर म्हणजे स्पॅनिशमध्ये 'कृपा करून'. तो आपल्या गड्यांशी स्पॅनिशमध्ये बोलत होता आणि हात हालावर चालले होते. बोटभर जाडीचा काप, त्यावर लोण्याचा हात, लगेच दुसरा काप. सूप मागवलं की हाला त्याच्याबरोबर येतोच. माझ्या मुलाने पहिल्या घासाला डोळे मिटले. खरंच तसा पाव मी या देशात दुसरीकडे खाल्लेला नाही. वरची साल नुसती कडक नाही, चिवट आहे, आणि आतला गर लोणी शोषून घेतो, तरी चिकट होत नाही.

आईला हाला चालणार नव्हता, अंडं आहे म्हणून. मग मी वाढणाऱ्या माणसाला आधीच स्वच्छ सांगितलं, 'मासा नाही, अंडं नाही, दूध-लोणी चालेल.' त्याने अजिबात कटकट केली नाही. एकेक पदार्थावर बोट ठेवून हो-नाही सांगत गेला. तुम्हीही असंच करा, कारण अंडं कुठे कुठे असतं ते नावावरून कळत नाही. मात्झो बॉल म्हणजे बिनखमिराच्या पोळीच्या चुऱ्याचे गोळे, ते अंड्यानेच बांधतात. ब्लिंत्झ म्हणजे पातळ धिरड्यात गोडसर चीज गुंडाळून लोण्यावर परतलेलं, धिरड्यात अंडं. लाटके म्हणजे बटाट्याचा कीस थापून तळलेला, बहुतेक ठिकाणी त्यातही अंडं. काशा म्हणजे आपला कुट्टू, उपासाचा वाटतो, पण दाणे मोकळे राहावेत म्हणून परतण्याआधी त्याला अंडं चोळायची जुनी पद्धत आहे. ही मला तिथेच कळली आणि मी आईच्या पुढची थाळी मागे घेतली. याउलट 'एग क्रीम' नावाच्या पेयात अंडंही नाही आणि सायही नाही, दूध, सोडा आणि चॉकलेटचं सिरप एवढंच. आईने नाव ऐकून नाक मुरडलं, पण समजावल्यावर निम्मा ग्लास संपवला.

तिच्यासाठी शेवटी दोन सुपं आली. एक सोललेल्या हिरव्या वाटाण्याचं, दाट, तिच्या भाषेत 'आमटीच की ही, फोडणी तेवढी राहिली'. दुसरं थंड बोर्श्त. बीटाचा गार रस्सा, वर आंबट सायीचा गोळा. चमच्याने साय ढवळली की लाल रंग हळूहळू गुलाबी होतो. आई त्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, 'बीटाची कोशिंबीर आहे ही, दह्यातली. पातळ केल्येय.' दोन्ही वाडगे रिकामे झाले. बरोबर हालाऐवजी साधा बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, घेतला, त्यात अंडं नव्हतं. मी मश्रूम-बार्लीचं सूप आणि चीजचे ब्लिंत्झ घेतले, मुलाने कांदा परतून घातलेले बटाट्याचे पिरोगी. पिरोगी आपल्या करंजीच्या आकाराचे असतात. उकडलेले आणि परतलेले दोन्ही मिळतात. परतलेलेच घ्या, कडा खरपूस लागतात.

तिथे बसल्या बसल्या आईला ठाण्याच्या शेजारीणबाईंची आठवण झाली. लग्न होऊन आली तेव्हा ती टेंभी नाक्याजवळच्या चाळीत राहायची. जवळच १८७९चं सिनेगॉग, आणि भिंतीपलीकडे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब. घरात मराठी, काकू नऊवारीत. कोकणात त्यांच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणायचे, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असायचा. 'त्यांच्याकडे दुधाचं पातेलं वेगळं आणि मटणाचं वेगळं,' आई मुलाला सांगत होती. 'मटण झालं त्या दिवशी गोड करायचं तर नारळाच्या दुधात. मला कधी चहाला बोलावलं की दुधाच्याच भांड्यातला द्यायच्या आणि मुद्दाम दाखवायच्या, हे बघा वहिनी, वेगळं आहे.' पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. मी लहानपणापासून चाळीचे किस्से ऐकत आले, पण हा कधी ऐकला नव्हता. माझ्या आजीकडेही अंड्याचा तवा वेगळा, गॅलरीत, आणि उपासाची कढई वेगळी. म्हणून आईला कोशर समजावायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

या रस्त्याला एकेकाळी यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीचा ब्रॉडवे म्हणत. पूर्व युरोपातून आलेले ज्यू लोक दक्षिणेकडच्या वस्तीत दाटीने राहायचे, आणि कोशर मांस त्यांना महाग पडायचं. १९०२मध्ये भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८वर गेला, तेव्हा तिथल्या बायकांनी रस्त्यावर उतरून खाटकांवर बहिष्कार घातला होता. नाटक सुटल्यावर सूप, पाव आणि ब्लिंत्झ खायला या डेअऱ्या असायच्या. त्यातल्या मोठमोठ्या बंद पडल्या, डिलन्सी स्ट्रीटवरची रॅटनर्ससुद्धा. नाटक मंडळींची नावं कोरलेले तारे टेन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या फुटपाथवर अजून आहेत, झिजलेले. उत्तरेकडे गेलात तर बघा.

आणि ही छोटीशी खानावळ टिकली. बी आणि एच ही पहिल्या दोन भागीदारांच्या, बर्गसन आणि हेलर यांच्या, आडनावांची आद्याक्षरं. २००३पासून ती चालवणारं जोडपं वेगळंच आहे, नवरा इजिप्तहून आलेला मुसलमान आणि बायको पोलंडची कॅथलिक. २६ मार्च २०१५ला याच ओळीत दोन दारं सोडून गॅसचा स्फोट झाला. तीन इमारती कोसळल्या, दोन माणसं गेली. या दुकानाला ओरखडा फारसा नव्हता, पण परवानग्या आणि नवी अग्निरोधक यंत्रणा यांत ऑगस्टपर्यंत कुलूप राहिलं. गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून त्यांना तगवलं. दुसऱ्याच्या धर्माचा नियम आपला मानून रोज पाळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा बहुतेक कोशर हॉटेलं बंद असतात. हे मात्र शनिवारीही उघडतं. भिंतीवर रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, प्रमाणपत्र आहे, तरी शनिवारी व्यवहार चालतो म्हणून कडक पाळणारे ज्यू इथे जेवत नाहीत. ऑफिसातल्या कोशर पाळणाऱ्या मित्राला नेणार असाल तर आधी त्यालाच विचारा. वसंतातल्या पासओव्हर या ज्यू सणाच्या आठ दिवसांत पाव-पिठाचं सगळंच बदलतं, तेव्हा कुठल्याही कोशर ठिकाणी फोन करूनच निघावं. जुलै-ऑगस्टमध्ये तिशा बआव या शोकाच्या उपासापर्यंतचे नऊ दिवस त्यांच्याकडे मांस वर्ज्य, साधारण आपला श्रावण तोंडावर आलेला असतो तेव्हाच. त्या दिवसांत डेअऱ्यांना गर्दी जास्त. बिलावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो आणि टिप १८ ते २० टक्के, हे मेन्यूतल्या किमतीत धरलेलं नसतं. सुटे डॉलर जवळ असू द्या. वाढप मोठं आहे, तिघांत दोन सुपं आणि दोन पदार्थ पुरले असते, आम्ही जास्त मागवलं.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मी इथे पाठवणार नाही, बटाटा आणि कांदा यांवरच हे स्वयंपाकघर उभं आहे. चीजमधल्या रेनेटबद्दल, म्हणजे दूध गोठवायला घालतात आणि जे प्राण्याच्या जठरातलंही असू शकतं त्याबद्दल, काटेकोर असाल तर तेही विचारा. कोशर म्हणजे ते वनस्पतीजन्यच असेल असं नाही.

निघताना आम्ही घरासाठी एक अख्खा हाला घेतला आणि सेकंड ॲव्हेन्यूवरून दहा-बारा मिनिटं दक्षिणेला, ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवरच्या योना शिमेलकडे गेलो. १९१०पासून तिथे क्निश, म्हणजे सारण भरून भाजलेले पिठाचे गोळे, मिळतात, बटाट्याचे, काशाचे, पालकाचे. तळघरात भाजून हाताने ओढायच्या छोट्या लिफ्टमधून वर येतात. मुलाला ती लिफ्ट इतकी आवडली की दुसरी खेप वर येईपर्यंत तो हलला नाही. तिथून एफ गाडी जवळ आहे, फोर्टीन्थ स्ट्रीटला उतरून तिथेच पाथ धरता येते.

घरी पोचल्यावर आईने पर्स रिकामी केली. दशम्या आणि लोणच्याची डबी तशीच होती. रात्री मुलाने त्या हालाच्या कापाबरोबर संपवल्या.