गुणपत्रिकेवरचे ६७.८ टक्के

न्यू जर्सीतील एडिसन येथे मी वाहनविम्याचे काम करते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भारतातून नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची आमच्या कार्यालयात रीघ लागते, आणि हप्त्याचा आकडा ऐकून त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे उतरतात. भारतात गाडी चालवल्याची वर्षे येथील बऱ्याच कंपन्या अनुभव म्हणून धरत नाहीत. त्यामुळे अठराव्या वर्षापासून सांगली-मिरज रस्त्यावर गाडी चालवणारा मुलगाही कंपनीच्या लेखी काल परवाना मिळालेला नवखा चालक ठरतो. त्यात वय पंचविशीच्या आतले असले की दर आणखी चढतो.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेला मुलगा असाच सांगलीचा होता. वय बावीस, रटगर्स विद्यापीठात एम.एस.चे पहिले सत्र नुकतेच सुरू झालेले. एका सीनियर विद्यार्थ्याकडून तो जुनी कोरोला विकत घेणार होता आणि विमा असल्याशिवाय या राज्यात गाडीची नोंदणी होत नाही, म्हणून घाईत होता. गाडी जुनी असल्याने तिच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण त्याने घेतलेच नव्हते. केवळ तृतीय पक्षाची जबाबदारी आणि अपघातानंतरचा वैद्यकीय खर्च, म्हणजे कायद्याने टाळता न येणाऱ्या गोष्टी घेऊनही सहा महिन्यांचा हप्ता त्याच्या आवाक्याबाहेर जात होता. "काकू, वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलंय. एवढे पैसे मी त्यांच्याकडे कसे मागू?" असे तो म्हणाला.

मी त्याला चांगल्या गुणांच्या सवलतीविषयी सांगितले. ही सवलत शाळकरी मुलांसाठीच असते, असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थी, मग तो पदव्युत्तर का असेना, सरासरी 'बी' श्रेणी म्हणजे चारपैकी ३.० गुणांक दाखवू शकला, तर तिच्यासाठी सहसा पात्र ठरतो. नेमाने अभ्यास करणारी मुले अपघातही कमी करतात, या अनुभवावर कंपन्यांनी ती बेतलेली आहे. सवलत कंपनीपरत्वे बदलते आणि हप्त्याच्या सर्व भागांवर लागू होतेच असे नाही. शिवाय कागद दिल्याशिवाय ती मिळत नाही.

अडचण कागदाचीच होती. येथील पहिल्या सत्राचे गुण डिसेंबरअखेर येणार, म्हणजे तोवर पुरावा काय तो पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी पदवीचा. त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून गुणपत्रिका अगदी जपून काढली. एकूण ६७.८ टक्के, आणि तळाशी 'फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन'. मी ती स्कॅन करून पाठवली. दुपारी अंडररायटरचे, म्हणजे अर्ज तपासून विमा आणि सवलत मंजूर करणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे, उत्तर आले: अर्जदाराची सरासरी 'डी' श्रेणीत मोडते, सवलत नामंजूर.

त्या मुलाचा चेहरा मला आजही आठवतो. चार वर्षे रात्रीचा दिवस करून मिळवलेले डिस्टिंक्शन एका ओळीत काठावरची उत्तीर्णता ठरले होते. अंडररायटर बाईंच्या मनात आकस होता, असे मला मुळीच वाटत नाही. येथे नव्वदच्या पुढे 'ए', ऐंशीच्या पुढे 'बी' आणि साठीच्या घरात 'डी', हा सर्वसाधारण हिशेब त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी परीक्षेत तेव्हा साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि सहासष्टला विशेष प्राविण्य मिळत असे, हे त्यांना कोणी सांगितले असणार? मात्र पट्टी न विचारता माप वाचले गेले, की भुर्दंड विद्यार्थ्याला पडतो, आणि तो मुकाट्याने भरण्याची आपल्या मुलांना फार सवय आहे. मला ते मान्य नव्हते.

मी त्यांना फोन केला आणि मग सविस्तर ईमेल लिहिली. पुणे विद्यापीठाचे श्रेणींचे निकष जोडले. बाहेरचे परीक्षक पेपर तपासतात आणि तिथे ऐंशी टक्के मिळवणारे किती विरळ असतात, तेही समजावले. त्यावर त्या म्हणाल्या, की तुमचे म्हणणे पटते, पण फाइलमध्ये ठेवण्यासाठी त्रयस्थ संस्थेचा कागद हवा. ती अपेक्षा रास्त होती. मी मुलाला विचारले, प्रवेशासाठी अर्ज करताना कुठल्या विद्यापीठाने गुणांचे मूल्यांकन मागितले होते का? तो थोडा वेळ आठवत राहिला, मग फोनवर जुन्या ईमेल चाळू लागला. प्रवेश न घेतलेल्या एका विद्यापीठासाठी त्याने वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसकडून विषयवार अहवाल करून घेतला होता. त्याची प्रत सापडली. त्यात तेच ६७.८ टक्के चारपैकी ३.६ गुणांक होऊन आले होते.

अहवाल पाठवला आणि कार्यालय बंद होण्याआधी मंजुरी आली. पहिल्या सत्राचे गुण हाती येताच ते सादर करावेत आणि सरासरी ३.० च्या खाली गेल्यास पुढच्या नूतनीकरणापासून सवलत काढली जाईल, अशी अट होती. ती मी त्याला नीट समजावून सांगितली. एकाच घरात राहणाऱ्या रूममेट्सची नावे लपवू नकोस, हेही बजावले, कारण हप्ता वाचवण्यासाठी ती गाळली जातात आणि अपघातानंतर दाव्याच्या वेळी नेमके तेच अंगाशी येते. त्याने तिघांचीही नावे लगेच लिहून दिली.

जानेवारीत मी आठवण करून देण्याआधीच त्याची नवी गुणपत्रिका आली: ३.५. अंडररायटर बाईंनी ती नोंदवून घेतली आणि भारतातील विद्यापीठांच्या श्रेणींचे असेच टिपण करून देता येईल का, असे विचारले. मी मुंबई, पुणे आणि शिवाजी विद्यापीठापासून सुरुवात केली. त्यानंतर भारतीय गुणपत्रिका आली, की नामंजूर करण्याआधी त्या मला फोन करू लागल्या.