विदेश संचार भवनातली मावशी

हुतात्मा चौकाकडून महात्मा गांधी रोडने जाताना विदेश संचार भवनाकडे आता कुणी मान वर करून बघत नाही. माझी मावशी तिथे ओव्हरसीज ऑपरेटर होती, त्यामुळे मला तसं पुढे जाता येत नाही.

या इमारतीचं नाव निघतं ते इंटरनेटमुळे. १५ ऑगस्ट १९९५ला इथल्या व्हीएसएनएलने, म्हणजे विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मोठं काम होतंच. पण माझ्या मते या इमारतीचे वैभवाचे दिवस त्याआधीचे, कॉल लावून देणाऱ्या माणसांचे.

आधी परदेशी फोन शॉर्टवेव्ह रेडिओवरून जायचे. या लहरी परतवणाऱ्या वातावरणातल्या उंच थराची, आयनांबराची, स्थिती बदलली की लंडनचा आवाज विरून जायचा. १९७१-७२च्या सुमारास नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र सुरू झालं आणि आवाज स्वच्छ झाला. फोर्टातला शब्द आर्वीला जायचा, तिथून सुमारे ३६,००० किलोमीटर वर हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे, आणि मग पलीकडे खाली. त्यामुळे उत्तर कानावर यायला अर्धा सेकंद जास्त लागायचा. एवढ्यानेही नवखी माणसं गोंधळायची. एकदम बोलायची, एकदम गप्प व्हायची, पुन्हा एकदम ‘हॅलो’. मग मावशी मध्ये पडून सांगायची, “काका, तुमचं झालं की थांबा, त्यांना बोलू द्या.”

आखातातल्या नोकऱ्या वाढल्या तशी कोकणातली माणसं काउंटरवर कॉल बुक करून ताटकळत बसू लागली. पर्सनल कॉल असेल तर पलीकडे तोच माणूस सापडेपर्यंत थांबायचं. किमान तीन मिनिटांचे पैसे पडायचे, म्हणून एका गृहस्थांनी मुद्दे कागदावर लिहून आणले होते: कौलं, बहिणीचं लग्न, कोर्टाची तारीख. त्यांनी ते ओळीने वाचून दाखवले. मावशीला तो कागद अजून आठवतो. तीन मिनिटं झाल्याचं सांगायला मध्ये बोलावं लागे, ते तिला कधीच आवडलं नाही. परदेशातल्या ऑपरेटरला ‘एस फॉर सिंगापूर’ करत सावंत, सुर्वे समजावणं मात्र तिला मनापासून आवडायचं.

१९७६ मध्ये मुंबई-लंडन थेट डायलिंग आलं. पुढे नाक्यानाक्यावर आयएसडी, म्हणजे थेट परदेशी फोन लावायचे, बूथ झाले आणि ऑपरेटरचं काम आटत गेलं. मावशीला त्याचं वाईट वाटलं नाही. बाकावर ताटकळणारी माणसं तिने रोज पाहिली होती.