खोक्यातला चाफा, पिशवीतला चाफा

बेळगावात आमच्या टिळकवाडीतल्या घरामागं दोन सोनचाफे आहेत. एक बारा फूट उंच, पानांनी गच्च, आणि सात वर्षांत एक कळी म्हणून धरलेली नाही. दुसरा माझ्या कमरेएवढा बुटका, पण गेल्या श्रावणात एकाआड एक दिवस देवापुढं दोन फुलं त्याचीच होती. उंच आहे तो गावातल्या नर्सरीतला, बुटका कुरिअरनं आलेला. लेक म्हणतो, झाला की निकाल. त्याला काय, पुण्यात बसून मोबाईलवर बोट फिरवलं की झाड दारात.

उंच चाफ्याची गोष्ट आधी सांगते. घेताना विचारलं होतं, "कलमी आहे काय ओ?" "होय की अक्का, कलमीच," नर्सरीवाला म्हणाला. दीडशे रुपये दिले, रिक्षात पायाशी ठेवून घरी आणला. वाकून बघितलं नाही, तिथं चुकलं. कलमाला मातीपासून वीतभर वर सांधा असतो. तिथं खोड जरा फुगलेलं, तिरकं जोडल्याची खूण, खालची साल एका रंगाची आणि वरची दुसऱ्या. माझ्या झाडाचं खोड मातीतून निघालं ते सरळ शेंड्यापर्यंत, कुठं गाठ नाही. म्हणजे बियांचं रोप. बियांचा चाफा फुलायला आठ-दहा वर्षं सहज घेतो, कलमी एक-दोन वर्षांतच. तो खोटं बोलला हे खरंच, पण तीन फुटांच्या रोपाचं बूड बघायला मला कोणी अडवलं होतं?

मग हट्टानं फोनवरून मागवला. तीनशे एकोणपन्नास अधिक पाठवणी नव्वद. मे महिना. खोकं आठव्या दिवशी आलं, त्यातला शनिवार-रविवार कुठल्यातरी गोडाऊनमध्ये काढून. खोक्यावर वर तोंड केलेला बाण ठसठशीत छापलेला, आणि कुरिअरच्या पोरानं ते काखेत आडवं धरलेलं. उघडल्यावर आधी कुबट वास आला. ओल्या काथ्याच्या भुश्यात मुळं, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं, पानं काळी पडून काडीला चिकटलेली. एकच पान हिरवं. सांधा मात्र स्पष्ट दिसत होता, कलम बांधलेली पट्टीसुद्धा अजून सोडलेली नव्हती.

ते खोकं तसंच उचलून मी खानापूर रोडला माझ्या शेणखतवाल्याकडं नेलं. त्याचीही छोटी नर्सरी आहे. दुसऱ्याकडून घेतलेलं झाड दाखवायला जरा लाजच वाटली. तो हसला, आणि मग बोटानं काडी खरवडून बघितली. आत हिरवी होती. "मळी बरली री अक्का," कानडीत म्हणाला. पाऊस येऊ दे. जमिनीत लावू नका, खत घालू नका, कुंडीत घालून सावलीत ठेवा, मेलेली पानं काढा, आणि मिरग निघाल्यावर बघू. पट्टी त्यानंच ब्लेडनं उभी चिरून काढली. पैसे घेतले नाहीत.

मी म्हटलं, तुमच्याकडचीच घ्यायला पाहिजे होती, गावची झाडं. त्यावर तो जे बोलला ते माझ्या डोक्यात राहिलं आहे. त्याची निम्मी झाडं गावची नाहीतच. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून नर्सऱ्यांचं गाव आहे, तिथून लॉरीनं येतात, मुळाशी गोदावरीकाठच्या काळ्या चिकट मातीचा गोळा घेऊन. आल्या आल्या ती विकत नाही म्हणे तो. तीन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवतो. जी मरायची ती तिथंच मरतात, त्याच्या खात्यावर. म्हणजे प्रवास दोन्ही झाडांनी केलेला असतो. खोक्यातलं झाड प्रवासाचा शीण माझ्या अंगणात काढतं, नर्सरीतलं त्याच्या जाळीखाली. ती जाळी माझ्याकडं नाही हे मला चारशे एकोणचाळीस रुपयांनंतर कळलं.

गुलाबांचं थोडक्यात. सहा मागवले, त्यातले चार आठवडाभरातच वाळले. एक जोरात फुटला म्हणून शेजारच्या वैनींना कौतुकानं दाखवला. फुटवा सांध्याच्या खालून निघालेला, एकेका देठाला सात-सात बारकी पानं. कलम मेलं होतं आणि खालचा रानगुलाब वाढत होता. फुलं हवीत तर असला फुटवा बुडातून मोडून काढायचा, हे तेव्हा माहीत नव्हतं. सहावा फुलतोय, रंग फोटोतला नाही.

माझा चाफा लागला म्हणून अथणीच्या नणंदबाईंनी तोच मागवला. आमची टिळकवाडीची माती तांबडी, पाणी घातलं की झिरपून जातं. अथणीकडं काळी. उन्हाळ्यात भेगा पडतील एवढी सुकते आणि परतीच्या पावसात खड्ड्याचं डबकं होतं. त्यांनी दोन फूट खड्डा काढून लावला. मुळं कुजली. विकणाऱ्यानं 'कोणत्याही मातीत येतो' लिहिलं होतं. तो बिचारा कुठला, त्याला एका जिल्ह्यात खानापूरचं जंगल आणि अथणीचं शिवार दोन्ही आहे हे कसं माहीत असणार? तिथल्या कुठल्याही नर्सरीवाल्यानं आधी उंचवटा करून लावा म्हणून सांगितलं असतं.

तरी मी मागवायचं सोडलेलं नाही. इथं मिळत नाहीत अशा जाती असतात, आणि फोनवर निवांत बघत बसायला बरं वाटतं हेही खोटं नाही. आता मात्र येणारं झाड आधी कुंडीत, पंधरा दिवस न्हाणीघराच्या पूर्वेच्या भिंतीशी. जुनी साडी दोरीवर टाकली की झाली जाळी.

परवा वळीव होऊन गेला. लेकानं फोन केला, आई, अनंतावर सूट आहे. दोन घालून ठेवलेत त्यानं यादीत. म्हटलं, राहू दे अजून. मिरग निघू दे.