व्हीआरओ बंद करायचा, पण आधी तेल मिसळा

जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या मोठ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसणाऱ्या इंजिनांवर, १९८४ पासून व्हीआरओ (व्हेरिएबल रेशो ऑइलिंग) पंप यायला लागला. हा पंप तेल देईनासा झाला, तर त्याचा तेलपुरवठा बंद करून टाकीतच तेल मिसळता येतं. ते कसं करायचं, ते इथे. पेट्रोल ओढायचं आणि त्यात तेल मिसळायचं, ही दोन्ही कामं तो एकटा करतो. त्यासाठी त्याला वीज लागत नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर तो चालतो. इंजिन संथ असताना तेलाचं प्रमाण साधारण १५०:१ (१५० भाग पेट्रोलला एक भाग तेल), पूर्ण थ्रॉटलला ५०:१.

इतक्या जुन्या पंपाला हात लावण्याआधी एक चाचणी करून बघा, कारण बऱ्याचदा पंप ठीक असतो आणि दोष तेलाच्या होजवरच्या (नळीवरच्या) ढिल्या क्लिपचा असतो. तिथून हवा शिरली की तेल खंडतं. टाकीत ५०:१ मिश्रण भरा, तेलाच्या डब्यावर पातळीशी चिकटपट्टी लावा आणि इंजिन नेहमीच्या वेगाने चालवा. २५ लिटर पेट्रोल जळेपर्यंत डब्यातलं तेल २५० ते ५०० मिलि उतरायला हवं. उतरलंच नाही, तर आधी क्लिपा आणि डब्यातली जाळी बघा. त्या ठीक असूनही पातळी हलत नसेल, तर मग तेलपुरवठा बंद करायला हरकत नाही.

इथे कामाचा क्रम चुकला तर इंजिन जातं. होज आधी काढून टाकली आणि लाइनमध्ये, कार्ब्युरेटरच्या वाट्यांत बिनतेलाचं पेट्रोल असलं, तर पुढच्या काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. म्हणून पहिली टाकी मिश्रणाची भरा आणि तेलपुरवठा चालू ठेवूनच इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. पंप थोडंफार तेल देत असेल तर त्या वेळात जास्त तेल जाईल, धूर होईल, स्पार्क प्लग थोडे काळवंडतील. चालेल.

मिश्रण ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि; २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. आधी चार-पाच लिटर पेट्रोल, मग सगळं तेल, मग उरलेलं पेट्रोल, म्हणजे भरतानाच ते घुसळलं जातं. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं) घ्या. आपल्याकडे पेट्रोलपंपावर मिळणारं २टी (2T) तेल स्कूटरसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. आउटबोर्डमध्ये ते नको. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर पाण्याचा थेंबही जपा. पाणी आणि अल्कोहोल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि त्या थरात तेल नावालाच असतं. इंजिन नेमका तोच थर ओढतं.

आता पंपाकडे. तेलाची होज पंपाच्या ज्या निपलवर (छोट्या तोंडावर) बसते तिथून ती काढा आणि निपल पक्कं बंद करा: रबरी टोपी, किंवा होजचा छोटा तुकडा, त्यात बोल्ट आणि दोन्हीकडे क्लिप. झिपटाय लावू नका, वर्षभरात ढिला पडतो. पंपाला आता फक्त पेट्रोलचं काम उरतं. त्याचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) शंकास्पद असेल तर साधा फ्युएल पंप बसवा, मात्र इंजिनाच्या हॉर्सपॉवरला पुरेल असाच. मोठ्या व्ही६ वर छोटा पंप पूर्ण वेगाला पेट्रोल कमी पाडतो. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलायची गरज नाही. व्हीआरओमध्येही तेल कार्ब्युरेटरच्या आधीच मिसळलं जात होतं.

तारांमध्ये सगळ्यात जास्त घोटाळे होतात. पंपाच्या तारांचा प्लग आणि तेलाच्या डब्याच्या तारांचा प्लग काढून टोकं उष्णतेने आकसणाऱ्या नळीने बंद करा. पण सिलिंडर हेडवरच्या तापमान स्विचची बदामी तार तशीच राहू द्या. इशारा देणाऱ्या भोंग्याच्या कटकटीला वैतागून भोंगाच तोडणारे लोक इंजिन तापल्याचा इशाराही घालवून बसतात. काम झालं की चावी 'ऑन' करा आणि बदामी तारेचं टोक क्षणभर सोडवून इंजिनाच्या धातूला टेकवा. भोंगा वाजलाच पाहिजे.

यामाहा, मर्क्युरीच्या अनेक इंजिनांवर तेलाचा पंप क्रँकशाफ्टवरच्या गिअरने फिरतो. तिथे नुसती होज बंद केलीत तर पंप कोरडा फिरून झिजेल. पंप आणि त्याचा चालित गिअर दोन्ही काढा, भोकावर गॅस्केटसकट झाकणपट्टी बसवा आणि मॅनिफोल्डवरची तेलाची निपलं एकूणएक बंद करा. एक उघडं राहिलं तरी तिथून हवा शिरते, त्या सिलिंडरमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जळतो. काही यामाहांमध्ये तेल कमी असल्याचा इशारा मिळताच इंजिनाचा वेगही आपोआप रोखला जातो, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा समोर ठेवूनच सेन्सर सोडवा.

संथ चालीत आता जास्त धूर दिसेल, कारण १५०:१ च्या जागी कायम ५०:१ जातंय. तासन्‌तास ट्रोलिंग (संथ चालीत गळ ओढत मासेमारी) करणाऱ्यांनी जास्तीचे स्पार्क प्लग जवळ ठेवावेत.

टाकीच्या झाकणावर आणि चावीपाशी न पुसणाऱ्या शाईने लिहा: 'पेट्रोलमध्ये तेल मिसळा, ५०:१'. कव्हरवर व्हीआरओ छापलेलं असेल तर तेही खरवडून काढा. बोट उधार नेणारा माणूस तेच वाचून साधं पेट्रोल ओतेल.