सुदामा, बाळकराम आणि चिमणराव

आज आमच्या वाचनकट्ट्यावर फक्त जुना विनोद! सुरुवात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी. त्यांची लांबलचक वाक्यं एकट्याने वाचताना दम लागतो, पण एका काकूंनी ती अशी ठसक्यात वाचली की स्वल्पविरामालाही हशा पिकला. मग त्यांचेच शिष्य राम गणेश गडकरी, म्हणजे विनोदी लेखनातले ‘बाळकराम’. ठकीच्या लग्नासाठीची ती धावपळ ऐकताना चहा गार झाला, तरी कुणी उठेना. शेवटी चिं. वि. जोशींच्या कथांमधला चिमणराव लाडका की गुंड्याभाऊ, यावर वाद रंगला. मला दोघेही हवेत. जोशी पाली भाषेचे गाढे अभ्यासक, पण लिहिलं मध्यमवर्गीय घरातल्या फजितीवर, तेही किती मायेनं! पुढच्या वेळी कोण काय वाचणार, सांगा रे.